पेडलचं रबर घरीच बदलू या



मागच्या वेळी आपण पापडाच्या पिशवीवर तारीख कशी घालायची, यावर बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आम्ही गाडीच्या पेडलवरच्या रबराबद्दल बोलणार आहोत. ते कधी झिजतं, नवीन कसं घ्यायचं आणि घरच्या अंगणात आपल्या हातानं कसं बसवायचं, ते सांगणार आहोत.

कुणी म्हणेल, हे मेस्त्रीचं काम, आम्हा बायांना काय त्याचं? पण जरा आजूबाजूला पाहा. आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी जुनी ओम्नी घेतली, कुणी ईको घेतली, कुणाच्या घरची गाडी बाजाराच्या दिवशी गटाच्या कामाला येते. स्टिअरिंगवर बसणाऱ्या बायाही वाढल्या. गाडीत आपण बसतो, मागे नाचणीचे पापड, मसाले, भाज्यांचे क्रेट असतात, आणि पुष्कळदा पोरंही असतात. हे सगळं ज्या तीन पेडलांवर चालतं, त्यांच्याकडे मात्र कुणी वाकून पाहत नाही.

आमचा गट पाटण तालुक्यातला. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे सगळीकडे चिखल. भातलावणीच्या दिवसांत तर चपलेच्या तळाला बोटभर लाल माती चिकटलेली असते. मागच्या पावसाळ्यात आठवडी बाजारात आमची गाडी उभी करताना चालवणाऱ्या ताईंचा पाय ब्रेकवरून घसरला. गाडी हातभर पुढे गेली आणि भाजीच्या रिकाम्या क्रेटना लागली. कुणाला काही झालं नाही. पण भोवतीची माणसं लगेच बोलली, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." ताईंनी त्या दिवसापासून स्टिअरिंग सोडलं. गटाच्या बैठकीत पगारी ड्रायव्हर ठेवायची भाषा सुरू झाली. आता ड्रायव्हरची मजुरी द्यायची म्हटलं तर बाजारातून जे चार पैसे सुटतात ते तिथेच संपणार. म्हणजे प्रश्न एका पाय घसरण्याचा राहिला नाही. गटाची गाडी कुणी चालवायची, हाच प्रश्न झाला.

तेव्हा गटातल्या एक मामी म्हणाल्या, "बाईला बोल लावण्याआधी पायाखालचं तरी बघा." आम्ही टॉर्च लावून पाहिलं. ब्रेकवरचं रबर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावरच्या रेघा पार गेल्या होत्या, आणि एका कोपऱ्यातून तर आतला पत्रा दिसत होता. अशा पेडलवर ओली चपल कुणाचीही घसरेल, बाईची काय आणि बाप्याची काय. नवीन रबर आम्ही अंगणातच बसवलं. ताई पुन्हा गाडी चालवायला लागल्या. त्यानंतर या रबराबद्दल आम्ही जे जे शिकलो, विचारून घेतलं आणि करून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी पेडल ओळखू या

गिअरच्या गाडीत पायाशी तीन पेडलं असतात. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे रेसचं पेडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. डावा पाय फक्त क्लचसाठी. उजवा पाय ब्रेक आणि रेस, दोन्हींसाठी. क्लच आणि ब्रेकचं पेडल लोखंडी असतं. त्याच्या टोकाला एक चपटा पत्रा असतो आणि त्या पत्र्यावर उशीला अभ्रा घालावा तसं रबर चढवलेलं असतं. रबराच्या मागच्या बाजूला चारी कडांना खोबण असते. पत्र्याची कड त्या खोबणीत बसते, म्हणून रबर निघत नाही. तिथे खिळा नसतो की गोंद नसतो. रेसचं पेडल मात्र पुष्कळ गाड्यांत प्लास्टिकचं असतं आणि त्यावर वेगळं रबर नसतंच.

रबरावर ज्या रेघा किंवा गाठी असतात त्या शोभेसाठी नसतात. पायाचं पाणी आणि माती त्या खाचांत जाते आणि चपलेच्या तळाला पकड मिळते. रेघा झिजल्या की पकड गेली. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी होते. तिथल्या नियमात ब्रेकच्या पेडलवरचं न घसरणारं आवरण निघालेलं, सैल झालेलं किंवा गुळगुळीत झालेलं असेल तर तो मोठा दोष धरतात आणि गाडी नापास करतात. इंजिन कितीही छान असू दे, हे एवढंसं रबर गेलेलं असलं तरी गाडी नापास. यावरून त्याची किंमत ओळखा.

जुनी गाडी घेतानाही हे रबर कामाला येतं. गाडी फार कमी चालली आहे असं विकणारा सांगतो, मीटरवर आकडाही कमी दिसतो, पण पेडलची रबरं मात्र पार झिजलेली असतात. मग समजावं, काहीतरी जुळत नाही. उलट, गाडी जुनी आणि रबरं कोरी करकरीत असतील तर का बदलली, ते विचारावं. त्यात वाईटच असेल असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

दुकानात काय घ्यायचं

दुकानात गेलात की तीन तऱ्हेचा माल दिसेल.

पहिला, गाडीच्या कंपनीचं किंवा त्याच मापाचं साधं काळं रबर. ते स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. दिसायला साधं, पण मापात बसतं.

दुसरा, "कुठल्याही गाडीला चालतं" असं सांगून विकलं जाणारं कव्हर. यात माप जवळपासचं असतं. आता कुकरची रिंग जवळपासच्या मापाची घेतली तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. शिटी होत नाही आणि बाजूनं वाफ जाते. कुकरला फार तर डाळ कच्ची राहील. ब्रेकवर तसं चालत नाही.

तिसरा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर, ज्यावर रबराचे ठिपके असतात. पोरांना याची फार हौस असते. यातली काही नुसती चढवायची असतात. काहींना मागून पट्टी लावून स्क्रू आवळायचे असतात, तर काहींसाठी पेडललाच भोक पाडायला सांगतात. दिसायला छान. पण धातू ओला झाला की घसरतो, आणि पकड फक्त त्या ठिपक्यांवर राहते. ठिपके झिजले की उरतो तो नुसता गुळगुळीत पत्रा. शिवाय स्क्रू हादऱ्यानं सैल होतो, आणि आपल्याकडचे रस्ते तर तुम्ही जाणताच.

आमचं सांगणं सरळ आहे. ब्रेक आणि क्लचला मापाचं रबरच घ्या. पेडलला भोक पाडू देऊ नका. रेसच्या प्लास्टिकच्या पेडलवर तर काहीच चढवू नका. प्लास्टिकला भोक पाडलं तर ते तडकू शकतं. हल्लीच्या गाड्यांत त्या पेडललाच सेन्सर जोडलेला असतो, तिथे आपली कारागिरी नको. रेसचं पेडल गुळगुळीत झालं असेल तर ते घासून धुवा, कोरडं करा. तरीही पाय घसरत असेल तर मेस्त्रीकडून अख्खं पेडल बदलून घ्या.

आणखी एक गोष्ट. काही जण सायकलची ट्यूब कापून पेडलला गुंडाळतात, कुणी सुतळी बांधतं, कुणी गोणपाटाचा तुकडा लावतं. ही हुशारी दुसरीकडे दाखवावी. गुंडाळलेली वस्तू कधी ना कधी सरकते, आणि सरकली की नेमकी पायाखाली किंवा दुसऱ्या पेडलखाली जाते.

दुकानात जाताना शिवणाची टेप घेऊन पेडलच्या पत्र्याची लांबी-रुंदी मोजा आणि कागदावर लिहा. मोबाइलवर फोटो काढा. गाडीचं मॉडेल आणि साल आरसी पाहून लिहून घ्या. शक्य असेल तर जुनं रबर काढून सोबतच न्या, पण मग गाडी घरी उभी ठेवून एसटीनं जा. नवीन रबर हातात घेऊन मागची खोबण पाहा. चारी बाजूंनी असली पाहिजे. रबर वाकवून पाहा. वाकवताना बारीक भेगा दिसल्या तर तो माल जुना आहे, परत द्या. पावती मागून घ्या. गटाच्या हिशोबात ती लागेलच.

बसवायची तयारी

हे काम दिवसाउजेडी करा. गाडी सपाट जागेवर लावा, उतारावर नको. इंजिन बंद करून किल्ली काढा आणि ती ज्या बाईनं काम करायचं तिच्याच कमरेला राहू द्या. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि मागच्या-पुढच्या चाकांना दगड लावा. पोरांना गाडीत बसू देऊ नका. आपण खाली वाकलेलो असताना एखादं पोर गिअरशी खेळायला लागलं तर पंचाईत.

ड्रायव्हरची सीट जेवढी मागे जाईल तेवढी मागे सरकवा. खालची मॅट बाहेर काढा. दरवाजा उघडा ठेवून बाहेर पोतं टाका आणि त्यावर गुडघे टेकून बसा. हातात टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड हवा. हातातल्या बांगड्या वर सरकवा किंवा काढून ठेवा, कारण पेडलच्या मागे जागा अरुंद असते आणि काच फुटली तर हाताला लागेल.

सामान फार लागत नाही. ओलं फडकं, कोरडं फडकं, जुना टूथब्रश, थोडा पॉलिश पेपर, एक बोथट दांड्याचा चमचा आणि पातेल्यात गरम पाणी. बस.

आता प्रत्यक्ष काम

पहिलं, जुनं रबर काढणं. रबराच्या वरच्या एका कोपऱ्यात अंगठा घाला आणि ती कड मागून पुढे उलटवा. एक कोपरा सुटला की बाकीचं अभ्रा काढावा तसं निघतं. फार कडक झालं असेल तर चमच्याचा दांडा आत सारून उचला. तरी निघत नसेल तर सुरीनं कापा, पण सुरी आपल्या हाताकडे ओढायची नाही, बाहेरच्या बाजूला चालवायची.

दुसरं, पत्रा साफ करणं. रबराखाली माती, गंज, जुन्या रबराचा भुगा असतो. टूथब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसा. पूर्ण वाळू द्या. आता पत्रा नीट पाहा. कुठे चीर आहे का? वाकलाय का? पेडल हातानं डावी-उजवीकडे हलवून पाहा, फार हलतंय का? असं काही दिसलं तर रबर चढवायचं नाही. तिथेच थांबायचं आणि मेस्त्रीला गाडीपाशी बोलवायचं. नवीन रबरानं जुना दोष झाकला जातो, बरा होत नाही.

तिसरं, नवीन रबर मऊ करणं. थंडीच्या दिवसांत रबर ताठ असतं. ते थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा गरम पाण्यात पाचेक मिनिटं बुडवा. उकळत्या पाण्यात नको. बाहेर काढल्यावर आतून-बाहेरून, खोबणीतसुद्धा, कोरडं पुसून घ्या.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. रबर सहज चढावं म्हणून साबण, खोबरेल तेल, ग्रीस काहीही लावू नका. बांगडी चढवताना आपण साबण लावतो, म्हणून इथेही हात तिकडेच जातो. पण बांगडी पुन्हा निघाली तर बिघडत नाही. याचा एक मोठा दाखला आहे. अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीची सायबरट्रक नावाची गाडी आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात कंपनीला अशा ३,८७८ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. रेसच्या पेडलवरचं कव्हर सुटून वर सरकायचं, तिथल्या पट्टीत अडकायचं आणि पेडल दाबलेलंच राहण्याचा धोका व्हायचा. कारण काय निघालं? कारखान्यात गाडी जुळवताना कव्हर सहज सरकावं म्हणून साबण लावला होता. तो आत राहिला आणि कव्हराची पकड सैल झाली. एवढ्या मोठ्या कारखान्यात साबणानं हे होतं, तर आपल्या अंगणात का होणार नाही? म्हणून गरम पाणी आणि कोरडं फडकं, एवढ्यावरच भागवायचं.

चौथं, रबर चढवणं. रबराची वरची कड पत्र्याच्या वरच्या कडेला अडकवा. एका हातानं ती दाबून धरा. दुसऱ्या हातानं रबर खाली ताणा आणि खालची कड पत्र्याखाली घ्या. मग दोन्ही बाजू. जिथे रबर आत जात नाही तिथे चमच्याच्या दांड्यानं हळूहळू आत ढकला. टोकदार वस्तू वापरू नका, कारण खोबण फाटली की रबर गेलं. पहिल्यांदा करताना बोटं दुखतात. थांबत थांबत करा. दोघी असाल तर एकीनं धरावं आणि एकीनं ताणावं.

पाचवं, मागून पाहणं. ही पायरी कुणी चुकवू नये. पुढून रबर छान बसलेलं दिसतं आणि मागे एक कोपरा बाहेर राहिलेला असतो. टॉर्च लावून, नाही दिसलं तर बोट फिरवून, चारी कडा आणि चारी कोपरे तपासा. मग रबर चिमटीत धरून ओढा, पिळा, बाजूला सरकवा. सरकलं तर माप चुकलं आहे. दुकानात जाऊन बदलून आणा. आज वेळ नाही, उद्या बघू, असं म्हणत तशीच गाडी काढू नका.

पायानं तपासणी

आता सीट पुढे घ्या आणि रोज चालवणाऱ्या बाईनंच बसावं. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट आणखी पुढे घ्या. आपल्यातल्या काही जणींची उंची कमी असते, म्हणून कुणी सुचवतं की पेडलवर जाड कव्हर लावा म्हणजे पाय पोचेल. तसं करू नका. एक पेडल जाड झालं की शेजारच्या पेडलशी त्याची उंची जुळत नाही, आणि रेसवरचा पाय ब्रेकवर नेताना खाली अडकतो. आधी सीट पुढे घ्या, पाठीमागे घट्ट उशी लावा. तरी पाय पोचत नसेल तर जाणत्या मेस्त्रीशी बोला.

इंजिन बंदच ठेवून तिन्ही पेडलं एकेक करून पूर्ण दाबा आणि सोडा. तिन्ही आपोआप वर आली पाहिजेत. रेसचं पेडल तर चटकन वर आलं पाहिजे. मग ब्रेक दाबून पाहा, पायाची कड रेसला लागते का? रेसवरून पाय उचलून ब्रेकवर न्या, मध्ये काही अडतं का? हे दहा-वीस वेळा करा. ज्या चपलेत गाडी चालवता तीच चपल घाला, आणि तळ ओला करूनही एकदा पाहा. पावसातली परीक्षा अंगणातच झालेली बरी.

ब्रेकची एक सोपी तपासणी आहे. इंजिन बंद असताना ब्रेक तीन-चार वेळा दाबा. पेडल कडक होत जाईल. आता पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन सुरू करा. पेडल थोडंसं खाली जातं आणि थांबतं. ते बरोबर आहे, ब्रेकला इंजिनाची मदत मिळाली असा त्याचा अर्थ. पण पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली खाली जात राहिलं, किंवा स्पंजासारखं मऊ लागलं, तर तो रबराचा दोष नाही. गाडी हलवू नका, मेस्त्रीला बोलवा.

आता मॅट परत टाकायची. मॅट खाली जिथे अडकवायची कडी असेल तिथे अडकवा. कडी नसेल तर निदान ती पुढे सरकत नाही हे पाहा. मॅटवर मॅट टाकू नका. चिखल होतो म्हणून पोतं टाकायची सवय असते, ती सोडा. २००९ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीनं सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं, कारण मॅट सरकून रेसचं पेडल तिच्यात अडकण्याचा धोका होता. पाण्याची बाटलीही ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायची नाही. घरंगळून ती ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जाणार नाही.

साडी नेसून चालवत असाल तर घोळ वर खोचून घ्या आणि काठ टाचेखाली येत नाही हे बसल्या बसल्या पाहा. सैल चपल, उंच टाच, मागून सुटी स्लिपर नको. मागे पट्टा असलेली, तळ पातळ असलेली चपल बरी. गाडीत एक पायपुसणं ठेवा, पण ते दरवाजाबाहेर पाय पुसायला. पुसून झालं की मागे टाकायचं.

मग मोकळ्या मैदानात अगदी सावकाश गाडी चालवा आणि चार-पाच वेळा थांबवा. सगळं ठीक वाटलं की मगच रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा रबर ओढून पाहा, आठवड्यानं पाहा, आणि त्यानंतर दर महिन्याला.

आणि कधी रेस अडकलीच तर

हे आम्ही प्रत्येक चालवणाऱ्या बाईला पाठ करायला लावलं आहे. कुंभार्ली घाटासारख्या उतारावर विचार करायला वेळ नसतो. रेसचं पेडल अडकलं आणि गाडी पळायला लागली तर वाकून हातानं ते सोडवायला जायचं नाही. क्लच दाबा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, ब्रेक जोरानं दाबून धरा. सोडून-दाबून करू नका, एकदाच घट्ट दाबा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. रस्त्याच्या कडेला गाडी थांबली की मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीची किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून फार मोठं काम वाटेल. प्रत्यक्षात एक रबर बदलायला अर्धा तास पुरतो. भाकरी थापायला शिकलो, शिलाई मशीनचा पट्टा बदलायला शिकलो, फवारणीच्या पंपाचा वायसर घालायला शिकलो, तसंच हे. मेस्त्रीचं काम मेस्त्रीनंच करावं, ब्रेकच्या आतल्या भागाला आपण हात लावू नये. पण पायाखाली काय आहे ते रोज पाहणं हे चालवणारीचं काम आहे, आणि ते तिला येतं हे गटानंही मानलं पाहिजे. गाडी धडकली की बाईकडे बोट दाखवणं सोपं असतं. रबर झिजलंय का, मॅट सरकली का, ब्रेक मऊ झालाय का, हे पाहायला वाकावं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या गाडीसाठी एक वही घाला. त्यात डिझेल-पेट्रोलच्या शेजारी एक रकाना पेडलच्या रबराचा ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीला दोघींनी गाडीपाशी जाऊन रेघा आहेत का, कड सुटली का, मॅट जागेवर आहे का, एवढं पाहायचं आणि सही करायची. एक पाहणारी आणि एक चालवणारी. पाळीपाळीनं सगळ्या जणींची वेळ यावी, म्हणजे गाडी न चालवणाऱ्या बाईलाही गाडी कळेल. रबराचा खर्च दुरुस्तीच्या पैशातून आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे ऐन पावसात "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणायची पाळी येणार नाही.

पुढच्या भागात टायरची हवा आणि स्टेपनी कशी पाहायची, ते सांगू. तोवर तुमच्या गाडीचं काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत लिहून ठेवा आणि आमच्यापर्यंत पोचवा.

नमस्कार.